पिकअपच्या पुढच्या चाकाची हब असेंब्ली घरी बदलता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप ट्रक आहे. वेग ताशी साठच्या पुढे गेला की पुढून, डाव्या बाजूने घुमल्यासारखा आवाज येतो. मधूनच एबीएसचा (ब्रेक लावताना चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो. ज्याने गाडी पाहिली त्याने डावी हब असेंब्ली (चाक ज्यावर बसतं आणि फिरतं तो बेअरिंगसकटचा भाग) बदलायला सांगितली आहे. हाताशी जॅक आहे, पान्यांचा संच आहे आणि सुट्टीचा एक दिवस आहे. हे काम घरी करावं का?

करा. पाना हातात धरायची सवय असलेल्या माणसाला हे काम जमतं. बोल्ट तीन किंवा चार असतात, मधला एक मोठा नट असतो, ब्रेकचं थोडं सामान बाजूला काढावं लागतं. खोलण्यात फक्त ताकद आणि धीर लागतो. अक्कल लागते ती दोन ठिकाणी: आवाज खरंच त्या हबचा आहे का हे ठरवताना, आणि नवा हब बसवताना. लवकर गेलेले जे नवे हब माझ्याकडे येतात, त्यातले बरेचसे मूळचे वाईट नसतात, बसवतानाच दुखावलेले असतात. कोणी फ्लँजवर (चाक जिला टेकतं त्या हबच्या चकतीवर) हातोडा मारलेला असतो, कोणी गंजावरच बसवून बोल्ट आवळलेले असतात, कोणी मधला नट अंदाजाने ओढलेला असतो. त्यामुळे पुढचं उत्तर थोडं एकांगी वाटेल. खोलण्याबद्दल कमी आणि या दोन गोष्टींबद्दल जास्त लिहितो आहे.

आधी एक खुलासा. मी लिहितो आहे ते सीलबंद युनिट हबबद्दल, म्हणजे बेअरिंग, चाकाचे स्टड (चाकाचे नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे) आणि बहुतेक वेळा एबीएसचा सेन्सर हे सगळं एकाच तुकड्यात येतं आणि तो तुकडा मागून बोल्टने नकलला (स्टिअरिंग नकल, म्हणजे सस्पेन्शनला जोडलेला, स्टिअरिंगबरोबर वळणारा चाकामागचा भाग) आवळलेला असतो, ते. काही गाड्यांत बेअरिंग नकलमध्ये किंवा हबवर प्रेसने दाबून बसवलेलं असतं. तिथे हायड्रॉलिक प्रेसशिवाय हात घालू नये, नकल सोडवून प्रेसवाल्याकडे न्यावी. जुन्या गाड्यांत सुट्या टेपर रोलर बेअरिंगांची जोडी असते. ती धुऊन, ग्रीस भरून, नटने प्ले (ढिलेपणा) जुळवून बसवतात, ते काम पूर्ण वेगळं. आणि एअर ब्रेकचा अवजड मालट्रक असेल तर घरच्या जॅकवर हा विचारच करू नका.

आता खात्रीचं. चाकाच्या बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर चढतो आणि उतरतो. त्याला एक्सिलरेटरशी देणंघेणं नसतं. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेग घ्या, गिअर न्यूट्रल करा आणि गाडी नुसती धावू द्या. इंजिनचे फेरे उतरले तरी आवाज तसाच राहिला, तर इंजिन आणि गिअरबॉक्स बरेचसे सुटले. रस्ता बदलला, डांबरावरून काँक्रीटवर आलात आणि आवाजाचा पोत बदलला, तर आधी टायरवर संशय घ्या. टायरच्या नक्षीवर हाताचा तळवा एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, किंवा कडेला उंचसखल खळगे लागले, तर टायर विचित्र झिजलाय आणि तोही अगदी बेअरिंगसारखाच घुमतो. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून एक फेरी मारा. आवाज मागे गेला तर हबला हात लावायचं कारण नाही.

बेअरिंगची खूण वळणावर मिळते. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर जातं. लांबलचक उजव्या वळणावर घुमणं वाढलं आणि डाव्या वळणावर ते कमी झालं, तर डावा हब दोषी असण्याची शक्यता मोठी. हा नियम बहुतेकदा लागू पडतो, नेहमी नाही. युनिट हबमध्ये गोळ्यांच्या किंवा रोलरच्या दोन रांगा असतात, आणि कोणती रांग खराब झाली आहे त्यावर वळणाची खूण उलटूही शकते. शिवाय आवाज चॅसीतून प्रवास करतो. डावीकडून ऐकू येणारा हब उजवा निघाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. म्हणून फक्त कानावर विसंबून सामान आणू नका.

गाडी उचलून, घोडीवर (गाडीखाली लावायच्या आधाराच्या स्टँडवर) नीट ठेवून पुढचं तपासा. ड्राइव्ह टू-व्हीलवर ठेवा म्हणजे पुढचं चाक हाताने मोकळं फिरेल. एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर किंवा सरळ नकलवर टेकवायची. चांगलं बेअरिंग बोटांना काहीच सांगत नाही. खराब झालेलं असेल तर दूरवर जातं फिरावं तशी बारीक घरघर बोटांत उतरते, कान लावून ऐकू येत नसली तरी. मग हेच दुसऱ्या बाजूला करा. दोन बाजूंतला फरक बोटांना कळला की निदान झालं.

त्यानंतर प्ले. चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून आतबाहेर हलवा. खटखट लागली तर कोणाला तरी चाक हलवायला सांगून स्वतः मागून पाहा. हबचा फ्लँज नकलच्या तुलनेत हलत असेल तर बेअरिंग ढिलं. नकलच हलत असेल तर दोष बॉल जॉइंटचा, म्हणजे नकलला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या सांध्याचा. नऊ आणि तीनवर धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून नकलपर्यंत येणाऱ्या दांड्याचा) शेवट पाहा. एक गोष्ट लक्षात ठेवा: आवाज करणाऱ्या हबमध्ये प्ले असतोच असं नाही. पहिल्या टप्प्यात फक्त आवाज येतो. प्लेसुद्धा आला असेल, तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नका.

एबीएसचा दिवा याच गोष्टीशी जोडलेला असू शकतो. सेन्सर आणि त्याच्यासमोर फिरणारी दातेरी किंवा चुंबकीय रिंग यांत फार बारीक फट असते. बेअरिंग ढिलं झालं की ती फट हलते आणि सिग्नल तुटतो. पण सेन्सर वेगळ्या बोल्टने लावलेल्या हबमध्ये आणखी एक प्रकार होतो. सेन्सरच्या बुडाखाली गंज फुगतो आणि सेन्सर वर उचलला जातो. मग गाडी थांबता थांबता, चालण्याच्या वेगाला, कारण नसताना ब्रेक पेडल पायाखाली गरगरतं. तेवढंच होत असेल आणि घुमणं नसेल, तर सेन्सर काढून बैठक साफ केली की बरेचदा भागतं.

फोर्ड एफ-१५० ची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर आणखी एक तपासणी आधी करा. २००४ पासूनच्या मॉडेलमध्ये पुढचं चाक ड्राइव्ह शाफ्टपासून (चाकाला इंजिनची ताकद पोहोचवणाऱ्या दांड्यापासून) सोडवण्याचं काम व्हॅक्यूमवर चालतं. व्हॅक्यूम असेल तर चाक मोकळं, व्हॅक्यूम गेला तर स्प्रिंगने दाते जोडले जातात. व्हॅक्यूमची नळी कुठे चिरली आणि तो अर्धवटच पोहोचू लागला, की दाते एकमेकांना घासून करकर करतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं बेअरिंग गेलं. फोर-व्हील ड्राइव्ह लावल्याबरोबर ही करकर थांबली तर हब सोडा आणि नळ्या तपासा.

निदान पक्कं झालं की सामान. गाडीच्या चेसिस नंबरवरून भाग मागवा, नुसत्या मॉडेलवरून नाही. एकाच वर्षाच्या एकाच गाडीत टू-व्हील आणि फोर-व्हीलचे हब वेगळे असतात, स्टडची मांडणी वेगळी असू शकते, एबीएसचा कनेक्टर वेगळा असू शकतो. सहा स्टडचा हब म्हटलं तरी ६ × १३५ आणि ६ × १३९.७ मिमी या दोन मांडण्या नजरेला सारख्याच दिसतात. जुना हब काढण्याआधी जेवढं दिसतं तेवढं जुळवून पाहा. टिमकेन, एसकेएफ, एनटीएन, कोयो, एफएजी अशा बेअरिंग बनवणाऱ्यांचाच हब घ्या. नाव नसलेला स्वस्त हब बसवायला तेवढीच मेहनत लागते आणि तीच मेहनत लवकरच पुन्हा करावी लागते. हबबरोबर मधला नट नवा घ्या, हबचे बोल्टही नवे मिळत असतील तर घ्या. मधला नट बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचा असतो, त्याची पकड दुसऱ्या वेळी राहत नाही. दोन्ही बाजूंचे हब एकदम बदलायची गरज मला वाटत नाही. जो खराब आहे तो बदला, दुसरा तपासून ठेवा.

हत्यारांत ज्यावर तडजोड करू नये असं एकच आहे, टॉर्क रेंच, म्हणजे नट किती जोराने (टॉर्कने) आवळला ते सांगणारा पाना. मधल्या नटाच्या टॉर्कपर्यंत पोहोचणारा हवा. बाकी लांब दांड्याचा ब्रेकर बार, मधल्या नटाचा सॉकेट (पिकअपमध्ये बरेचदा ३२ ते ३६ मिमी, पण मोजून घ्या), गंज सोडवणारं तेल, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, कॅलिपर (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) टांगायला जाड तार, डोळ्यांना चष्मा. आणि तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले टॉर्कचे आकडे कागदावर लिहून समोर चिकटवा.

गंजाळ भागातली गाडी असेल तर आदल्या रात्रीच हबच्या बोल्टांवर, आणि हब जिथे नकलमध्ये शिरतो त्या गोल जोडावर तेल सोडून ठेवा. सकाळी पुन्हा एकदा. या तेलाला वेळ लागतो. ऐन वेळी फवारून लगेच पाना लावला तर उपयोग होत नाही.

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. चाक जमिनीवर असतानाच चाकाचे नट एक चतुर्थांश फेरा ढिले करा. मधली टोपी काढून मधला मोठा नटही याच वेळी सोडवता येतो, चाक जमिनीवर असल्याने ते फिरत नाही. मात्र हे फक्त जुना हब फेकायचा असेल तेव्हाच. तोच हब परत वापरायचा असेल तर वजन चाकावर असताना हा नट सोडू नका, कारण पुढे सांगतो. नट ढिला झाल्यावर गाडी बोटभरही पुढे-मागे करू नका. मग गाडी उचला, चॅसीखाली घोडी लावा, जॅक उतरवून वजन घोडीवर येऊ द्या आणि गाडीला हाताने धक्का देऊन पाहा. इथे हलली तर तुम्ही खाली असताना पडेल. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

चाक काढा. कॅलिपरचा ब्रॅकेट मागच्या दोन बोल्टांवर असतो, तो कॅलिपरसकट काढून तारेने चॅसीला टांगा. ब्रेकच्या रबरी नळीवर त्याचं वजन पडू देऊ नका, नळी आतून फाटते आणि बाहेरून दिसत नाही. डिस्क अडकली असेल तर मधल्या टोपीच्या भागावर, स्टडच्या मधोमध, फिरवत फिरवत ठोका. डिस्कच्या कडेवर मारू नका. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

एबीएसची तार कुठून कशी गेली आहे, कोणत्या क्लिपमध्ये अडकली आहे, याचे फोटो काढून ठेवा. मग कनेक्टर सोडवा. सेन्सर हबमध्ये अडकलेला असेल तर पेचकस घालून उचकटू नका, तो तुटून आत राहतो. नव्या हबबरोबर सेन्सर येणार असेल तर जुन्याच्या मागे लागण्याचं कारणच नाही.

मधला नट पूर्ण काढून शाफ्ट आत ढकला. न सरकल्यास नट टोकाशी समपातळीवर परत लावा आणि वर लाकडाचा तुकडा ठेवून ठोका. नट असल्यामुळे आटे वाचतात. शाफ्ट सुटला की तो खाली लोंबकळू देऊ नका, आतला जॉइंट निसटतो किंवा रबरी बूट फाटतो. तारेने बांधून ठेवा. सॉलिड एक्सलच्या (दोन्ही पुढची चाकं एकाच आडव्या, अखंड एक्सलवर असलेल्या) मोठ्या पिकअपमध्ये हब बरेचदा शाफ्टसकट बाहेर ओढला जातो. तिथे शाफ्ट सरळ, आधार देत काढा, नाहीतर आतल्या ऑइल सीलची कड कापली जाईल आणि एका कामाची दोन कामं होतील.

हबचे बोल्ट मागून सोडवा. स्टिअरिंग एका बाजूला वळवलं की एक बोल्ट समोर येतो, दुसऱ्या बाजूला वळवलं की दुसरा. सॉकेटला जागा पुरत नसेल तर शाफ्ट आणखी आत सारा, बॉल जॉइंट सोडवायच्या फंदात पडू नका. शेवटचा बोल्ट पाच-सहा आट्यांवर तसाच राहू द्या, म्हणजे हब अचानक सुटला तर पायावर पडणार नाही.

आता बोल्ट सुटले तरी हब हलत नाही, असं बहुतेकांचं होतं. हबची बाहेरची कड पोलादाची, नकल बिडाची किंवा ॲल्युमिनियमची, आणि मध्ये वर्षानुवर्षांचा गंज. इथे समोरून चाकाच्या फ्लँजवर घणाचे घाव घालणारे लोक खूप आहेत. त्याने हब निघण्याऐवजी बेअरिंग आतून फुटून दोन तुकडे होतात, पुढचा भाग हातात येतो आणि मागचा नकलमध्ये रुतून बसतो. मग छिन्नी आणि ग्राइंडरशिवाय पर्याय उरत नाही.

हबला बाहेर ओढण्याआधी जागच्या जागी फिरवायचं. हब असा अडकलाच असेल तर शेवटचा बोल्टही काढा, मग हबच्या बोल्टच्या कानांवर, म्हणजे जिथे बोल्टची भोकं आहेत त्या बाहेर आलेल्या भागांवर, कडेने ठोका. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. उद्देश असा की हब त्याच्या गोल बैठकीत एक-दोन अंश फिरावा. गंजाचा थर ओढायला दाद देत नाही, पण पिळला की चुरा होतो. काही ठोक्यांनंतर हब आणि नकलच्या जोडावर केसाएवढी काळी रेघ उमटते आणि त्यातून तपकिरी भुकटी गळू लागते. ती दिसली की काम झालं. तिथे पुन्हा तेल सोडा, दोन्ही दिशांना हलवत राहा, हब स्वतःहून बाहेर सरकू लागतो.

कानांना जागा नसेल तर दुसरा उपाय आहे. बोल्ट चार-पाच आटे ढिले करून तसेच ठेवा, बोल्टच्या डोक्यावर सॉकेट आणि जाड एक्स्टेन्शन लावा आणि मागून आळीपाळीने प्रत्येक बोल्टवर ठोका. बोल्ट खराब होतील, म्हणूनच नवे घ्या म्हटलं. स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाने झटके देऊन ओढायचं हत्यार) मिळाला तर फ्लँजला लावून ओढा, जुना हब फेकायचाच आहे. उष्णता द्यायची वेळ आली तर एबीएसची तार, रबरी बूट आणि बॉल जॉइंट यांपासून ज्योत लांब ठेवा. ॲल्युमिनियमच्या नकलला ज्योत लावूच नका.

हब निघाला की पुष्कळ लोक नवा उचलून बसवायला घेतात. तसं करू नका. आता थांबून साफसफाई करायची, आणि ही साफसफाई या सगळ्या कामातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास आहे. इथे दोन पृष्ठभाग आहेत आणि दोघांवरच्या घाणीचे परिणाम वेगळे होतात.

पहिला पृष्ठभाग नकलचा, जिथे हब टेकतो. इथे गंजाचा पापुद्रा राहिला तर हब तिरका बसतो. साधा हिशेब करा: बोल्टच्या वर्तुळाचा व्यास साधारण १२० मिमी धरला आणि एका बाजूला ०.१ मिमी गंज राहिला, तर चाक सुमारे ०.०५ अंशाने कललं. ऐकायला हे काहीच नाही, पण चाकाचा टो (चाक किंचित आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) अशाच बारीक आकड्यांत जुळवलेला असतो. शिवाय ब्रेकचे पॅड तिरके झिजतात. त्याहून वाईट म्हणजे चालता चालता तो गंज चिरडला जातो, आवळलेल्या बोल्टांचा ताण उतरतो आणि हब नकलवर सैल होतो. दुसरा पृष्ठभाग हबच्या फ्लँजचा आणि डिस्कच्या आतल्या बाजूचा. इथला गंज डिस्कला डुलवतो, आणि थोड्याच दिवसांत ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू लागतं. डिस्कचा डोल साधारण ०.०५ ते ०.१ मिमीपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे डोळ्याला न दिसणारा पापुद्रासुद्धा पुरेसा होतो.

नकलच्या भोकाची आतली गोल भिंत आणि सपाट तोंड तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने, चमक येईपर्यंत घासा. धातू कोरायचा नाही, फक्त गंज काढायचा. बोट फिरवून पाहा, नखाला कुठे अडलं तर पुन्हा घासा. बोल्टच्या भोकांतले आटे ब्रशने साफ करा. मग नवा हब हातानेच भोकात सरकवून पाहा. तो हाताने शेवटपर्यंत जायला हवा. कुठे अडला तर बाहेर काढा आणि त्या जागी घासा. बोल्ट आवळून ओढून घेऊ म्हणून पुढे जाऊ नका, तिरका अडकलेला हब बोल्टने ओढला की कान तडकतो किंवा आटे जातात. हाताने बसला की गोल भिंतीवर अँटी-सीझ (भाग गंजून चिकटू न देणारी पेस्ट) किंवा ग्रीसचा पातळ हात फिरवा, पुढच्या वेळी काढणारा दुवा देईल. सपाट तोंड आणि सेन्सरची जागा कोरडी ठेवा.

नवा हब खोक्यातून काढल्यापासून त्याला एकही ठोका लागू देऊ नका. हातातून फरशीवर पडलेला हबसुद्धा मी बसवत नाही. फ्लँजवरचा घाव गोळ्यांमधून जातो आणि त्या ज्या खाचेत फिरतात तिथे प्रत्येक गोळीखाली सूक्ष्म खळगा पडतो. त्या दिवशी काहीच कळत नाही. काही महिन्यांनी त्याच खळग्यांवरून घुमणं सुरू होतं आणि दोष हब बनवणाऱ्यावर जातो. चुंबकीय रिंगचा हब असेल तर लोहचुंबक लावलेल्या ट्रेमध्येही ठेवू नका.

एबीएसची तार योग्य दिशेला आहे ना हे पाहून हब बसवा, शाफ्टचे दाते हबच्या दात्यांत हलकेच जुळवा, बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरवा. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर आट्यांना थ्रेड लॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. मग एक सोडून एक, थोडं थोडं आवळत आणा आणि शेवटी टॉर्क रेंचने पूर्ण करा. मग हब नकलला सगळीकडून सारखा टेकलाय का ते टॉर्च लावून पाहा. कुठेही उजेडाची फट दिसता कामा नये.

आता मधला नट, आणि वर अर्धवट सोडलेलं कारण. या हबमध्ये आतल्या रिंगा दोन असतात, शेजारी शेजारी. बऱ्याच डिझाइनमध्ये त्या एकमेकींना घट्ट धरून ठेवण्याचं काम हा मधला नटच करतो. कारखान्यात बेअरिंगची आतली फट अशी ठरवलेली असते, की नट ठरलेल्या टॉर्कला आवळल्यावरच ती बरोबर येते. नट ढिला असताना चाकावर वजन आलं, की रिंगा किंचित दूर सरकतात, सगळा भार काही मोजक्या गोळ्यांच्या कडांवर येतो आणि आत खळगे पडतात. तेवढ्यात गाडी चार पावलं ढकलली तरी पुरतं. नव्या धाटणीच्या काही हबमध्ये रिंगांची कड कारखान्यातच वळवून पक्की केलेली असते आणि ते थोडं सहन करतात. पण बाहेरून पाहून तुमचा हब कोणता हे कळत नाही. म्हणून प्रत्येक हब नाजूकच समजा: मधला नट पूर्ण टॉर्कला आवळल्याशिवाय चाक जमिनीला टेकवायचं नाही.

तो आवळायचा कसा, चाक तर हवेत? डिस्क, कॅलिपर ब्रॅकेट आणि कॅलिपर आधी बसवा, कोणाला तरी गाडीत बसवून ब्रेक पेडल दाबून धरायला सांगा आणि नट आवळा. पेडल प्रथम खाली जाईल, दोन-चारदा दाबलं की घट्ट होईल. इम्पॅक्ट गनने नट आवळू नका. तिने किती आवळलं ते कळत नाही आणि प्रत्येक दणका बेअरिंगमधून जातो. बऱ्याच पिकअपमध्ये हा टॉर्क साधारण २०० ते ३५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. पण 'साधारण' या शब्दावर कोणी नट आवळू नये. वर सांगितलेल्या व्हॅक्यूमवाल्या एफ-१५० मध्ये शाफ्टच्या टोकाचा नट लहान असतो आणि त्याचा टॉर्क अवघा २७ न्यूटन-मीटरच्या आसपास आहे. तिथे दुसऱ्या गाडीचा आकडा लावला तर आटे जागेवरच जातील. त्याच गाडीत शाफ्ट सरकवताना आतले दाते जुळलेत का हे चाक किंचित पुढेमागे फिरवून पाहावं लागतं, दाते न जुळता नट ओढला तर ॲक्च्युएटर (व्हॅक्यूमवर दाते जोडणारा-सोडणारा भाग) फुटतो. तुमच्या गाडीचा, तुमच्या वर्षाचा आकडा शोधा आणि तोच वापरा. नटाला कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून आडवी घातलेली, टोकं वाकवायची पिन) असेल तर नवी घाला, ठोकून लॉक करायचा नट असेल तर खाचेत नीट ठोका.

एबीएसची तार फोटोत होती तशीच, प्रत्येक क्लिपमध्ये परत लावा. मग चाक लावण्याआधी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. तार कुठेही ताणता कामा नये, शाफ्टला किंवा टायरच्या वाटेला लागता कामा नये. हे चाक लावल्यावर दिसत नाही.

कॅलिपर ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्कला आहेत ना ते पुन्हा पाहा, घाईत हेच राहून जातात. चाकाचे नट समोरासमोर उडी मारत, म्हणजे चांदणीच्या क्रमाने आवळा, गाडी खाली घ्या आणि शेवटचा टॉर्क द्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, सिल्व्हेराडो १५०० ला तो १९० न्यूटन-मीटर आहे आणि अलीकडच्या एफ-१५० ला सुमारे २०४.

गाडी सुरू केल्यावर हलवण्याआधी ब्रेक पेडल कडक लागेपर्यंत दाबा. पहिली फेरी हळू घ्या, मोकळ्या जागेत दोन-तीनदा ब्रेक लावून पाहा, मग जिथे आवाज यायचा त्या वेगाला न्या आणि दोन्ही बाजूंच्या लांब वळणांवर ऐका. परत आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन पाहा, थेट डिस्कला लावू नका. नवी बाजू जुन्या बाजूपेक्षा फार जास्त तापलेली असेल तर कॅलिपर अडकलाय का ते तपासा. एबीएसचा दिवा पहिल्या काही मीटरांत विझायला हवा. तसाच राहिला तर आधी कनेक्टर पूर्ण खटकन बसलाय का ते पाहा. व्हील अलाइनमेंट करायला सांगणारे भेटतील, पण टाय रॉड सोडला नसेल आणि बैठक स्वच्छ असेल तर फक्त हब बदलल्याने अलाइनमेंट बदलत नाही.

चाकाचे नट ८० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, घासून साफ केलेल्या पृष्ठभागांवर ते थोडे बसतात. मधल्या नटाला मात्र तेव्हा हात लावू नका.